सापुताऱ्याची सहल आणि उताराचा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पहिला पाऊस पडून गेला की वर्तमानपत्रांतून ‘शनिवार-रविवारी कुठे जाल’ अशा याद्या येऊ लागतात आणि बडोद्याच्या यादीत डांग जिल्ह्यातले थंड हवेचे ठिकाण सापुतारा असतेच असते. धबधबे, तळ्यातली बोट, भाजलेले कणीस, सगळे त्यात असते. शुक्रवारी रात्री मोटारसायकलीवर बॅगा बांधायला घेतलेल्या चार-सहा मित्रांना जे हवे असते ते मात्र नसते. गाडीचे काय तपासायचे, कोणता रस्ता धरायचा आणि घाट कसा उतरायचा? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चढावर गाडी आपोआप मंदावते, चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. अंगाशी येते ती रविवारची उतरंड. दोन दिवसांचा शीण, जेवणानंतरची सुस्ती, ओला रस्ता, तापलेले ब्रेक आणि ‘आठच्या आत घर गाठू’ ही घाई तिथे एकाच वेळी जमतात. म्हणून या सहलीची आखणी रविवारपासून सुरू करून मागे शनिवारकडे यावी, हे सांगण्यासाठी हे पत्र. तपशील बरेच आहेत, त्यामुळे ते लांबले आहे.

बडोदा ते सापुतारा अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. मोबाइल जी वेळ दाखवतो ती मोटारीची. दीडशे सीसीच्या गाडीवर दोघे बसून, घाट धरून, सरासरी ताशी ४० च्या वर जात नाही. म्हणजे साडेसात तास नुसते चालवण्याचे, त्यावर चहा, जेवण आणि पाय मोकळे करण्याचे दोन तास. उजेडात घरी यायचे असेल तर सापुतारा सकाळी साडेआठ-नऊला सुटलाच पाहिजे. वघई अकराच्या आत, चिखली साडेबारा-एक, भरूच साडेचार. दुपारी दोनला निघालेल्या गटाला कामरेज ते अंकलेश्वर हा ट्रकांचा पट्टा अंधारात आणि बहुधा पावसात काढावा लागतो, तोही आठव्या तासाला. ज्यांना रविवारी नाश्ता करून, बोटीत बसून, जेवून मगच निघायचे आहे त्यांनी सोमवारची रजा टाकावी. रजा मिळत नसेल तर बोट शनिवारी उरकावी.

रस्ते दोन. राष्ट्रीय महामार्ग ४८ ने भरूच, अंकलेश्वर, कामरेज, पलसाणा करत चिखलीपर्यंत जायचे, तिथून डावीकडे वांसदा, वघई आणि मग घाट. दुसरा आतला: डभोई, राजपिपळा, नेत्रंग, मांडवी, व्यारा, उनाई, वघई. अंतरात फारसा फरक नाही, वेळ दीड-दोन तास जास्त लागतो, पण झाडी आहे, ट्रक कमी आहेत आणि व्याऱ्याहून थोडी वाट वाकडी केली तर सोनगडही आहे, म्हणजे बडोद्याच्याही आधीची गायकवाडांची राजधानी. जाताना आतला रस्ता आणि येताना महामार्ग, हा क्रम बरा. शनिवारी माणूस ताजा असतो, खड्डा दिसतो, चुकवता येतो. रविवारी संध्याकाळी गाडी बंद पडली तर महामार्गावर पंक्चरवाला, ढाबा, दवाखाना यांपैकी काहीतरी हाताशी असते.

इथे दोन इशारे. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा बडोदा-भरूच टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा मोटारीच्या खुणेवर ठेवला तर तो खुशाल तिकडे नेतो; दुचाकीची खूण निवडूनच निघावे. दुसरे पुलांचे. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळचा गंभीरा पूल कोसळल्यानंतर राज्यातल्या पुलांची तपासणी झाली, काही बंद झाले, काहींवर जड वाहनांना मनाई आली. आतल्या रस्त्याने जाणाऱ्याला नर्मदा, तापी आणि त्यांच्या बऱ्याच उपनद्या ओलांडायच्या असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी केली नाही तर चाळीस-पन्नास किलोमीटरचा वळसा पडू शकतो आणि वर मांडलेले वेळापत्रक कोलमडते.

आता गाडी. घाटाचे नाव निघाले की लोक इंजिनाकडे बघू लागतात. कार्ब्युरेटर ‘घाटासाठी सेट’ करून घेणारेही आहेत. सापुताऱ्याच्या उंचीला त्याची काही गरज नसते. हवा तेवढी विरळ होतच नाही. पाहायचे ते ब्रेक. गाडी, दोघेजण आणि सामान मिळून वजन ३०० किलोच्या घरात जाते. एवढे वजन पाचशे मीटर खाली उतरले की जी उष्णता तयार होते तिच्यावर साडेचार लिटर पाणी उकळेल. ती उष्णता कुठेतरी गेलीच पाहिजे. इंजिनाने गाडी धरली तर बरीचशी तिथे जिरते, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरलात तर सगळी ब्रेकमध्ये जाते. ड्रम ब्रेकचे लायनर, म्हणजे आतल्या घर्षणाच्या पट्ट्या, तापले की घर्षण कमी होते. पायाखालचे पेडल घट्टच असते, पण गाडी थांबत नाही. डिस्क ब्रेकचे दुखणे वेगळे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसा ओलावा धरलेले तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, आणि लिव्हर रबरासारखा हँडलपर्यंत येतो. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे असते. गावात चालवताना जुन्या ऑइलचा त्रास कधीच जाणवत नाही, त्यामुळे गॅरेजवाला विचारत नाही आणि मालक सांगत नाही.

तपासणी कशी? ड्रम ब्रेकच्या प्लेटवर झीज दाखवणारा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो शेवटच्या खुणेला टेकत असेल तर लायनर संपले. मागच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल असावी. त्याहून कमी ठेवली तर लायनर घासत राहतो आणि घाटाला लागायच्या आधीच ड्रम तापलेला असतो. डिस्कचे पॅड दीड मिलिमीटरपर्यंत आले की बदलावेत, ‘अजून एक फेरी निघेल’ हा हिशेब घाटात करू नये. ब्रेक ऑइलची खिडकी पाहावी. पातळी खाली दिसली की वरून ऑइल ओतण्याआधी पॅड झिजले आहेत की गळती आहे ते शोधावे. ही सगळी कामे निघण्याच्या आठवडाभर आधी व्हावीत. नवे लायनर आणि पॅड शे-दोनशे किलोमीटर चालल्याशिवाय नीट बसत नाहीत, शुक्रवारी संध्याकाळी टाकून शनिवारी पहाटे निघणे म्हणजे अर्ध्या ताकदीच्या ब्रेकवर घाटात जाणे.

उतरताना गिअर कोणता? ज्या गिअरमध्ये तो तुकडा चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. सापुताऱ्याच्या तीव्र वळणांवर बहुधा दुसरा, मध्ये तिसरा. गिअर वळणाच्या आधी पाडायचा, वळणात नाही. ब्रेक धरून ठेवायचा नाही. दोन्ही मिळून दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा, थंड होऊ द्यायचा. लिव्हर मऊ लागू लागला किंवा जळका वास आला तर कठड्याच्या आत, वळणापासून दूर गाडी लावून वीस मिनिटे थांबावे. तापलेल्या डिस्कवर बाटलीतले पाणी ओतू नये, ती वाकडी होते. आणि पेट्रोल वाचवण्यासाठी चावी फिरवून गाडी घरंगळत नेण्याचा जो जुना प्रकार आहे तो आता वाचवतही नाही: कार्ब्युरेटरऐवजी इंधन-इंजेक्शन असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की पेट्रोलचा पुरवठा तसाही तुटतो. चावी बंद केली तर दिवा जातो, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जाते, आणि चुकून जास्त फिरली तर हँडल लॉक होते. वळणावर हँडल लॉक झाले की पुढे काय होते ते सांगायला नको.

गिअर नसलेल्या स्कूटरवर सापुताऱ्याला जाणारे बरेच. जाता येते. पण स्कूटरचा क्लच इंजिनाचा वेग एका मर्यादेखाली गेला की स्वतःहून सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळू लागते. उपाय एवढाच की वेग फार उतरला असे वाटले की थ्रॉटल किंचित द्यावा, क्लच पुन्हा पकडतो आणि इंजिनाचा थोडासा आधार मिळतो. तरीही दोघे बसून, डिकी भरून, पुढेमागे ड्रम ब्रेक असलेली ११० सीसीची स्कूटर घाटातून उतरवणे हे काम मोटारसायकलीपेक्षा अवघड आहे. ती गाडी गटात असेल तर सगळ्यांनी तिच्या चालीने जावे. तिची टाकीही पाच लिटरच्या आसपास असते, म्हणजे चिखली किंवा वघईला पुन्हा भरावी लागते. वघईनंतर पेट्रोलच्या भरवशावर राहू नये, हे सगळ्यांनाच लागू. इंजेक्शनच्या गाडीचा पेट्रोल पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, टाकी वारंवार कोरडी केली तर पंप जळतो आणि तो रस्त्यात दुरुस्त होत नाही.

टायरमध्ये हवा थंड असताना भरावी, आकडा चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेला असतो. दोघे बसणार असतील तर मागच्या टायरचा आकडा वेगळा आणि जास्त असतो, साधारण ३२ ते ३६ पीएसआय. बहुतेक लोक तो कधी वाचतच नाहीत. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नये. मऊ टायर पाण्याचा थर बाजूला सारू शकत नाही आणि तापतोही. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचे रबर कडक झालेले असते, कोरड्या रस्त्यावर ते समजत नाही, ओल्या डांबरावर पहिल्याच वळणाला समजते.

चेनची सैल चाल खालच्या बाजूला मध्यावर मोजावी, २० ते ३० मिलिमीटर, आणि मागे माणूस बसवून पुन्हा पाहावी, कारण वजन पडले की ती ताणली जाते. फार घट्ट चेन बेअरिंग खाते, फार सैल चेन उतारावर थ्रॉटल सोडला की स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून, उतरते. चेनच्या जोडकडीची क्लिप पाहावी, बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवे. उलटी बसवलेली क्लिप एखादा खडा लागूनही उडते. रॉकेलने धुऊन, पुसून, ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावे. पावसात तीनशे किलोमीटर झाले की शनिवारी संध्याकाळी मुक्कामावर पुन्हा तेल द्यावे. बाकी गोष्टी पटकन सांगतो. बॅटरीची टर्मिनल घट्ट असावीत; इंजेक्शनची गाडी बॅटरी पूर्ण उतरली तर धक्का मारूनही सुरू होत नाही. फ्यूज दोन जास्तीचे. क्लच वायर नवी घेऊन जुनीच्या शेजारूनच ओवून, टोके टेपने बांधून ठेवावी. तुटली तर दहा मिनिटांत जोडता येते, नाहीतर टाकी उचलून वायर ओवण्यात तास जातो.

पंक्चरचे सामान गटात एक पुरते, पण ते शेवटच्या गाडीवर असावे. पुढच्या गाडीवर ठेवले की पंक्चर मागच्याची होते आणि पुढचा वीस किलोमीटर लांब गेलेला असतो. ट्यूबलेस टायरमधला खिळा दिसला म्हणून लगेच उपटू नये. पट्टी गोंदात भिजवून, सुईत ओवून, पंप जोडून तयार ठेवावा आणि मग खिळा काढावा. ट्यूबच्या टायरसाठी एक जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर, पायपंप आणि चाकाच्या नटाचा पाना. पाना बसतो का ते घरीच पाहावे.

सामान बांधायला हुकांचे रबर वापरण्याची रीत सोडली पाहिजे. ते निसटले की मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गुंडाळते आणि चाक जाम होते. बांधताना सुटले तर हुक थेट डोळ्यावर येतो. बकलचे पट्टे घ्यावेत, मोकळी टोके गाठ मारून बंद करावीत. वजन खाली आणि पुढे, दोघांच्या मध्ये किंवा सीटच्या दोन्ही बाजूंना. मागच्या कॅरिअरवर उंच रचले तर चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल डोलू लागते. सव्वाशे-दीडशे सीसीच्या गाडीची एकूण भारक्षमता १३० ते १५० किलोच्या घरात असते. दोन धडधाकट माणसे बसली की ती जवळजवळ संपते. घरून दशम्या, चिवडा, चकल्या असा डबा देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे. रेनकोट पँट-शर्टाचाच हवा, झगा नको. वाऱ्याने त्याचा घोळ चेनमध्ये जातो. ओढणीचे तेच. हेल्मेट दोघांनाही, आयएस ४१५१ खुणेचे, पट्टा लावलेले.

घाटाकडे येऊ. वघईपासून सापुतारा पन्नासेक किलोमीटर, त्याला दीड-दोन तास धरावेत. शामगहाणपासून वरचा तुकडा खरा वळणांचा. वळणावर लाल मातीचा पातळ थर येतो, पावसात तो साबण होतो. कडेच्या कठड्याखाली शेवाळ असते. हिवाळ्यात गेलात तर सागाची पाने: हातभर लांबीचे पान दवाने भिजून रस्त्याला चिकटते आणि पुढचे चाक त्यावर गेले की पान चाकासकट सरकते. पाने दिसली की गाडी उभी ठेवून, ब्रेक न लावता, थ्रॉटल न बदलता पार करावी. वळणात शिरल्यावर ब्रेक लावायची वेळ आली याचा अर्थ आधी चुकले. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे खरे, पण बऱ्याच गाड्यांमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असते. घाबरून मागचे पेडल दाबले तर मागचे चाक जाम होऊन बाजूला येतेच. गाडी कललेली असताना एबीएस पकड निर्माण करू शकत नाही.

वेगाचा आकडाही डोक्यात असावा. ताशी ६० ने जाताना समोर काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतच्या एका सेकंदात १७ मीटर जातात, ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी तीसेक. ताशी ४० ला हेच सगळे मिळून पंचवीस मीटर. सापुताऱ्याच्या धुक्यात कित्येकदा पुढचे दिसते ते पंचवीस-तीस मीटरच. धुक्यात दिवा खालचा ठेवावा, वरचा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीवर चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची फॅशन आली आहे, त्याने वळणार कुठे हेच मागच्याला कळत नाही.

समोरून एसटी किंवा ट्रक आला तर तीव्र वळणावर त्याला पूर्ण रस्ता लागतो. आपण वळणाच्या अलीकडे, डावीकडे थांबायचे, तो गेला की निघायचे. चढणाऱ्या वाहनाला वाट आधी द्यायची हा नियम आहे, आणि त्याला कारण आहे: भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा उचलताना मागे सरकतो. सापुताऱ्याच्या घाटात फेब्रुवारी २०२५ मध्ये यात्रेकरूंची खासगी बस पहाटे दरीत गेली, त्याच्या आदल्या पावसाळ्यात पर्यटकांची बस गेली. सराईत चालक चालवत असतानाही हा घाट असा वागतो. अंधारात दुचाकीने तो चढू नये आणि उतरूही नये.

गट पाच-सहा गाड्यांपेक्षा मोठा नको. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला, त्याच्या लगेच मागे सर्वांत नवखा किंवा सर्वांत कमी ताकदीची गाडी, सर्वांत शेवटी हत्यारे असलेला आणि घाई नसलेला माणूस. बहुतेक गट उलटे करतात, नवख्याला शेवटी ठेवतात, मग तो पुढच्यांना गाठण्यासाठी आपल्या कुवतीबाहेर चालवतो. प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यावी: आरशात तो दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, फाट्यावर तो येईपर्यंत वळायचे नाही. ही एकच शिस्त पाळली तर फोनची गरज पडत नाही, आणि डांगच्या जंगलात फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसतेच. अंतर कोरड्यात दोन सेकंदांचे, पावसात चार. घाटात जोडीने चालवत गप्पा मारू नयेत. नकाशा आधी मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, भेटण्याची ठिकाणे नावाने ठरवावीत: उनाईचे मंदिर, वघईचे रेल्वे स्टेशन. गायकवाड सरकारने बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत आणलेली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, अजून तिथे उभी आहे. चहा प्यायला त्याहून चांगली जागा नाही. पुढे दरड आहे का, हे तिथल्या एसटी चालकाला विचारावे, मोबाइलपेक्षा त्याची बातमी ताजी असते. डांगी बोली मराठीच्या इतकी जवळची आहे की गावात रस्ता विचारायला मराठी माणसाला अडचण येत नाही.

कोणी पडलाच तर आधी एकाने मागे पन्नास पावलांवर जाऊन येणारी वाहने थांबवावीत, दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा, रेंज नसेल तर एका गाडीला पुढच्या गावात पाठवावे. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, पाणी पाजू नये, रक्त वाहते तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे.

एक अप्रिय गोष्ट. सापुताऱ्यापासून महाराष्ट्राची हद्द जवळ आहे आणि गुजरातेत दारूबंदी. हद्दीपलीकडे जाऊन ‘बसून’ पुन्हा अंधारात दुचाकीवर वर येण्याचा प्रकार शनिवारी रात्री सर्रास चालतो. पकडले गेलो तर काय, याची चर्चा होते. वळणावर काय, याची होत नाही. हद्दीपलीकडे जायचेच असेल तर हातगड किल्ला आहे, सकाळी जावे.

आणि शांततेचे. सुट्टीच्या दिवशी, विशेषतः पावसाळी महोत्सवाच्या काळात, सापुताऱ्यात शांतता मिळणार नाही, हे आधीच मान्य करून जावे. ती हवी असेल तर आहव्याच्या बाजूचे डोन आहे. डोंगरावरचे गाव आहे, बाजारपेठ नाही, रस्ता अरुंद आणि काही ठिकाणी सापुताऱ्यापेक्षा तीव्र. तिथे पहिल्या गिअरची चढण लागते, म्हणून स्कूटरवर दोघांनी जाण्याचा हट्ट करू नये. पेट्रोल, पाणी, खाणे आहव्यालाच घ्यावे, सूर्य मावळायच्या आत खाली यावे. होळीच्या आधीच्या आठवड्यात आहव्याला डांग दरबार हा मोठा मेळा भरतो. तो पाहायचा असेल तर उत्तम, नुसते डोनला जायचे असेल तर ते दिवस टाळावेत, रस्ते माणसांनी भरलेले असतात. जेवणात नागलीची भाकरी मागावी. पंजाबी थाळी बडोद्यातही मिळते.

सायलेन्सरमधली जाळी काढून फटफट आवाज करत डोनला येणाऱ्यांनी घरीच थांबलेले बरे. मोटार वाहन कायद्याने असा बदल गुन्हा आहेच, पण रात्री नऊला झोपणाऱ्या गावातून सहा गाड्या तसा आवाज करत गेल्या की पुढच्या वेळी पंक्चर झालेल्या गाडीला कोणी दार उघडत नाही.

आपल्याला विनंती एकच. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर शुक्रवारच्या अंकात एक छोटा चौकोन द्यावा: वघई-सापुतारा आणि आहवा रस्त्यांची स्थिती, बंद असलेले पूल, दरडी, आणि शनिवार-रविवारच्या सूर्यास्ताच्या वेळा. रस्ते व बांधकाम खात्याकडे आणि डांगच्या जिल्हा प्रशासनाकडे ही माहिती असते, ती मागवावी लागेल. हॉटेलांच्या जाहिरातींच्या शेजारी दहा ओळींची जागा त्याला पुरेल. बांधकाम खात्यानेही घाटाच्या तीव्र वळणांवर बहिर्गोल आरसे लावावेत, आणि जे आहेत ते पुसावेत. शेवाळलेल्या आरशात समोरचा ट्रक दिसत नाही.

कळावे,
आपला,
एक दुचाकीस्वार वाचक
दांडिया बाजार, बडोदा